पावणेचार

देओलिंदानं घड्याळ आणलं ते रुमालात बांधून,
पडलेला दात दाखवायला न्यावा तसं.
"बाबांच्या टॅक्सीतलं," म्हणाली. "मला कळायला लागल्यापासून
यात पावणेचारच वाजलेत."

कोव्हिल्यांत ती गाडी कुणाला माहीत नाही?
काळी मर्सिडीज, टप हिरवा.
चढावर तिचं डिझेल खोकायला लागलं
की लोकरगिरणीच्या खिडकीतून आम्ही म्हणायचो,
आदेरितो निघाला.
आता पोरीनं ती रंगवून घेतलीय, चाकांच्या वाट्यासुद्धा चकचकीत.
सगळं चालतं तिचं, वायपर, हॉर्न,
हे एकटंच
मिठाची गुळणी धरून बसलेलं.

मी काही घड्याळजी नव्हे.
एकतीस वर्षं मागांचा फिटर, तुटलेले धागे ओळखणारा.
पण खालच्या बाजारातला म्हणे, आतलं काढून टाकू, क्वार्ट्झ बसवू.
हिला तेच हवं होतं, आतड्यासकट.

ही घड्याळं तशी भोळी.
आत एक कमान, दोनेक मिनिटांपुरता दम असलेली.
दम संपला की दोन टिकल्या एकमेकींना टेकतात,
वीज धावते, कॉइल लाथ घालते,
खट्,
आणि कमान पुन्हा कामाला.
बॅटरी मेलेली असली तर लाथ बसत नाही,
टिकल्या चिकटून राहतात, डाखाचा थेंब वितळतो,
खेळ खलास.
बहुतेक अशीच जातात. मी कावीया तापतही ठेवला.

मागचं झाकण काढलं
तर डाख शाबूत.
कॉइल करपलेली नाही.
बाहेर येणारी आखूड तार तेवढी मागं दुमडलेली,
तिच्या टोकाला काळी टेप,
तीन वेढे, कडेला कड जुळवून.
सावकाश केलेलं काम. दिवसाउजेडी, बहुधा रविवारी.

कावीया बंद केला मी.

चौऱ्याऐंशीचा जानेवारी. कोइंब्राच्या मोठ्या इस्पितळाकडे निघालो होतो,
इल्दाचं डोकं माझ्या मांडीवर, रस्त्यावर बर्फ,
आदेरितो वळणागणिक गिअर बदलत होता.
मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.
किती वळणं गेली. पुन्हा पाहिलं.
पावणेचार.
अजून वेळ आहे, मी इल्दाला म्हणालो,
आणि मला ते खरंच वाटलं.
आरशात आदेरितोचे डोळे होते,
त्यानं काही दुरुस्त केलं नाही माझं.

इल्दा पोचली. पुढे नऊ वर्षं
माझ्या शर्टांना भलत्याच रंगाची बटणं लावत राहिली.
न पोचलेलेही असतील त्या सीटवर.
त्यांनाही त्यानं पावणेचारच दिले असणार.

टेपचा डिंक वाळून खडखडीत झाला होता, एका नखात सुटली.
टिकल्यांवरची काजळी स्पिरिटच्या कागदानं काढली,
सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल, जास्त नाही.
बॅटरीला जोडलं. काही नाही.
मग टेबलावर टिचकी मारली, गिरणीतली सवय,
आणि खट्.
काटा थरथरला, चार वाजायच्या दिशेनं निघाला,
तेव्हा मला, का कोण जाणे, थोडं ओशाळल्यासारखं झालं.

तिला सगळं सांगितलं.
ती बराच वेळ खिडकीबाहेरच्या धुराड्याकडे बघत राहिली,
ज्यातून धूर येऊन आता जमाना झालाय.
"मग बाबांना वेळ कशी कळायची?"
"खिशात साखळीचं घड्याळ असायचं त्याच्या.
उतरल्यावर, पाठ करून बघायचा."
किती झाले, तिनं विचारलं. मी म्हटलं, एक कॉफी.
दारातून परत आली:
"ती टेप कुठाय?"
काड्यापेटीत घालून दिली.

परवा चौकात गाडी दिसली.
मागं कुणी म्हातारी, शालीत गुंडाळलेली,
देओलिंदा वळण घेत होती, आदेरितोसारखीच, जीभ दातांत धरून.
मी वाकून पाहिलं, किती वाजलेत.
काचेवर ऊन होतं.